न्यू ऑर्लिन्सचे जलनिःसारण आणि पंचवीस सायकलची वीज : एका शहरी यंत्रणेचा इतिहास

शहरात पाणी तुंबले की चर्चा पाऊस किती पडला, नाले साफ होते का आणि पंप सुरू होते का, एवढ्यावरच थांबते. पंपांना वीज कोठून मिळते, ती कोणत्या यंत्रावर तयार होते आणि त्या यंत्राचे वय किती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास नेमक्या याच प्रश्नाभोवती फिरतो. जगातील अत्यंत शक्तिशाली जलनिःसारण पंप या शहराकडे होते आणि आहेत. तरीही ते वारंवार पाण्याखाली गेले. त्यामागची कारणे शोधताना तंत्रज्ञान, नगरप्रशासन आणि करव्यवस्था यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

भूमीची रचना आणि रोगराई

न्यू ऑर्लिन्सची स्थापना फ्रेंचांनी १७१८ मध्ये केली. मिसिसिपी नदीने शतकानुशतके गाळ टाकून आपल्या काठावर जी उंच पट्टी तयार केली होती, तिच्यावर मूळ वस्ती वसली. या पट्टीच्या मागे उत्तरेला पाँचरट्रेन सरोवरापर्यंत दलदल पसरलेली होती. नदीचे पाणी अडवण्यासाठी एका बाजूला बांध आणि सरोवराचे पाणी अडवण्यासाठी दुसऱ्या बाजूला बांध घातल्यामुळे शहराला खोलगट ताटाचा आकार आला. या ताटात पडलेले पावसाचे पाणी आपोआप बाहेर जाऊ शकत नाही. ते उचलूनच टाकावे लागते. वर्षाला सरासरी दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या शहरात हे काम किती मोठे असेल, याची कल्पना करता येते.

एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या मोठ्या वल्हेचाकांनी पाणी दलदलीकडे ढकलले जाई. उघडी गटारे आणि साचलेले पाणी हे शहराचे नित्याचे दृश्य होते. १८५३ च्या पीतज्वराच्या साथीत सुमारे ८ हजार माणसे दगावली. हा रोग डासांमुळे पसरतो, हे १९०० मध्ये सिद्ध झाले. मात्र पाणी साचणे आणि आजार यांचा काहीतरी संबंध आहे, हे नागरिकांनी त्यापूर्वीच ओळखले होते. १८९६ मध्ये जलनिःसारण आयोग नेमला गेला आणि १८९९ मध्ये ‘सीवरेज अँड वॉटर बोर्ड’ या मंडळाची स्थापना झाली. पुढे जलनिःसारणाचे कामही त्याच्याकडेच आले.

या मंडळासाठी कर बसवावा की नाही, यावर १८९९ मध्ये मतदान झाले. लुइझियानाच्या १८९८ च्या राज्यघटनेने मालमत्ता कर भरणाऱ्या स्त्रियांना करविषयक प्रश्नांवर मताचा अधिकार दिला होता. शहरातील स्त्रियांनी संघटित होऊन कराच्या बाजूने मोहीम चालवली आणि प्रस्ताव मंजूर झाला. याच राज्यघटनेने बहुसंख्य कृष्णवर्णीय पुरुषांचा मताधिकार मात्र हिरावून घेतला होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. सार्वजनिक आरोग्याची ही मोठी योजना अशा विषम पायावर उभी राहिली. पुढे ज्या वस्त्यांना निःसारणाची सोय उशिरा मिळाली, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांचे प्रमाण मोठे होते.

बाल्डविन वुड यांचे पंप

आल्बर्ट बाल्डविन वुड या तरुण अभियंत्याने १८९९ मध्ये ट्यूलेन विद्यापीठातून पदवी घेतली आणि तो शहराच्या निःसारण यंत्रणेत रुजू झाला. १९१३ च्या सुमारास त्याने १२ फूट व्यासाच्या आडव्या स्क्रू पंपाचा आराखडा तयार केला. १९१५ पर्यंत असे पंप शहरात बसले. एक पंप सेकंदाला सुमारे १५ हजार लिटर पाणी उचलू शकत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस १४ फूट व्यासाचे आणखी मोठे पंप तयार झाले. हे पंप अत्यंत मजबूत होते. बांधणी साधी, फिरण्याचा वेग कमी आणि झीज थोडी. त्यामुळे शंभर वर्षांनंतरही त्यांतील काही पंप कामात राहिले. १९५६ मध्ये वुड यांचे निधन झाले, तेव्हा संपूर्ण शहर त्यांच्या यंत्रांवर अवलंबून होते.

पंचवीस सायकलची निवड

पंप चालवण्यासाठी लागणारी वीज मंडळाने स्वतःच तयार करायची, असे ठरले. कॅरलटन भागातील जलशुद्धीकरण केंद्रालगत वीजगृह उभे राहिले. तेथे सेकंदाला २५ आवर्तने, म्हणजेच २५ हर्ट्झ वारंवारितेची वीज तयार होऊ लागली. आज अमेरिकेत ६० आणि भारतात ५० हर्ट्झची वीज सर्वत्र वापरली जाते. त्यामुळे ही निवड चमत्कारिक वाटते. तिच्या काळात मात्र ती सर्वथा योग्य होती. नायगारा येथील वीजकेंद्राने १८९५ मध्ये हीच वारंवारिता स्वीकारली होती आणि अवजड उद्योगांसाठी ती सोयीची मानली जात होती.

या सोयीचे कारण साध्या गणितातून समजते. समकालिक मोटारीचा वेग काढण्यासाठी वारंवारितेला १२० ने गुणून ध्रुवांच्या संख्येने भागावे लागते. मोठा पंप मिनिटाला ७५ फेरे या संथ वेगाने फिरवायचा असेल, तर २५ हर्ट्झच्या मोटारीला ४० ध्रुव पुरतात. ६० हर्ट्झवर तोच वेग हवा असेल, तर ९६ ध्रुव लागतात. म्हणजे मोटार अधिक मोठी, गुंतागुंतीची आणि महाग होते. संथ पंपांना संथ वीज जुळत होती.

पुढे मात्र काळ बदलला. संपूर्ण देशाने ६० हर्ट्झ हे प्रमाण स्वीकारले. २५ हर्ट्झची जनित्रे, मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने कमी होत गेले. मंडळाला अनेक भाग स्वतःच्या कार्यशाळेत घडवून घ्यावे लागले. खासगी कंपनीची वीज घ्यायची झाल्यास वारंवारिता बदलणाऱ्या यंत्रांचा आधार घ्यावा लागे. अशा यंत्रात ६० हर्ट्झची मोटार आणि २५ हर्ट्झचे जनित्र एकाच दांड्यावर फिरतात. मोटारीला २४ आणि जनित्राला १० ध्रुव असतील, तर दोन्ही मिनिटाला ३०० फेऱ्यांवर जुळतात. पण या परिवर्तकांची क्षमता मर्यादित होती. ते गरजेचा काही भागच भागवू शकत होते.

पहिला इशारा आणि खचणारी जमीन

विजेशिवाय उत्तम पंपही निरुपयोगी ठरतात, हा धडा फार लवकर मिळाला होता. १५ एप्रिल १९२७ रोजी, गुड फ्रायडेला, शहरात एका दिवसात सुमारे १४ इंच, म्हणजे साडेतीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. वादळात पंपांचा वीजपुरवठा खंडित झाला आणि अनेक भागांत कित्येक फूट पाणी साचले. तेव्हा मिसिसिपीच्या महापुराची भीती सर्वांच्या मनात होती. पण त्या दिवशी शहर बुडाले ते नदीमुळे नव्हे. पाऊस आणि थांबलेले पंप यांमुळे बुडाले.

याच काळात दुसरी प्रक्रिया सुरू झाली होती, ती डोळ्यांना दिसत नव्हती. दलदलीतील पाणी काढले की तिच्यातील सेंद्रिय माती हवेच्या संपर्कात येऊन कुजते, आकसते आणि जमीन खचते. विसाव्या शतकाच्या आरंभी शहराचा फारच थोडा भाग समुद्रसपाटीखाली होता. आज सुमारे निम्मे शहर समुद्रसपाटीखाली आहे. पंपांमुळे जमीन राहण्याजोगी झाली आणि पंपांमुळेच ती खाली गेली. परिणामी दर पिढीगणिक शहराचे पंपांवरील अवलंबित्व वाढत गेले. १९०० मध्ये पंप बंद पडणे ही गैरसोय होती. शतकाच्या अखेरीस ते संकट बनले. यंत्रे मात्र तीच राहिली.

पैसा कोठे गेला

मे १९७८ आणि मे १९९५ च्या अतिवृष्टींनी शहराला पुन्हा झोडपले. १९९५ नंतर केंद्र सरकारने कालवे रुंद करणे आणि उदंचन केंद्रे वाढवणे यांसाठी मोठा कार्यक्रम मंजूर केला. २९ ऑगस्ट २००५ रोजी कत्रिना चक्रीवादळात कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. अनेक केंद्रांवरील कर्मचारी अखेरपर्यंत जागेवर होते, पण यंत्रांतच पाणी शिरल्यावर त्यांचाही नाइलाज झाला. शहर कोरडे व्हायला ऑक्टोबर उजाडला. भूमिगत वीजवाहिन्या आणि मोटारी यांची खाऱ्या पाण्याने मोठी हानी झाली.

त्यानंतर बांध, दरवाजे आणि सरोवराकडील नवी उदंचन केंद्रे यांच्या प्रकल्पावर केंद्राने सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्च केले. हे काम आवश्यकच होते. पण त्याचा रोख समुद्राकडून येणाऱ्या पाण्यावर होता. आकाशातून पडणारे पाणी बाहेर फेकण्याचे काम शहराच्या जुन्याच यंत्रणेकडे राहिले. तिच्या वीजगृहाच्या दुरुस्तीला निधी मिळाला, तरी कामे वर्षानुवर्षे रेंगाळली.

याला करव्यवस्थाही कारणीभूत होती. पाणीपुरवठा आणि मैलापाणी यांची देयके ग्राहकांकडून वसूल होतात. जलनिःसारणाचा खर्च मात्र मुख्यतः मालमत्ता करातून भागवला जातो. करमुक्त संस्था आणि सरकारी इमारती यांच्या छपरांवरचे पाणी पंपांना उचलावेच लागते, पण त्यांच्याकडून या करातून काही मिळत नाही. नवा बांध लोकांना दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. जुन्या टर्बाइनची दुरुस्ती कोणाच्या नजरेत भरत नाही. यंत्र चालत आहे म्हणजे ते चांगले आहे, हा समज यातून बळावला. वुड यांच्या पंपांचे दीर्घायुष्य एका अर्थाने शहराला महागात पडले.

ऑगस्ट २०१७

हा समज ५ ऑगस्ट २०१७ रोजी उघडा पडला. शहराच्या काही भागांत तीन-चार तासांत ८ ते ९ इंच पाऊस झाला. पहिल्या तासाला एक इंच आणि पुढे दर तासाला अर्धा इंच पाणी उपसणे, ही या यंत्रणेची क्षमता मानली जाते. त्यामुळे सर्व पंप चालू असते, तरी काही पाणी साचलेच असते. मात्र यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू होती, असे सुरुवातीला नागरिकांना सांगण्यात आले आणि ते खरे नव्हते. डझनाहून अधिक पंप नादुरुस्त होते आणि उरलेल्यांना पुरेशी वीज नव्हती. शहरातील सर्वांत जुन्यांपैकी एक असलेले चौथे टर्बाइन २०१२ पासून दुरुस्तीसाठी बंद होते. पाठोपाठ ९ ऑगस्टच्या रात्री पहिल्या टर्बाइनच्या नियंत्रण यंत्रणेला आग लागली आणि जुन्या शहराच्या मोठ्या भागाचे निःसारण धोक्यात आले. १० ऑगस्टला राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली. भाड्याची जनित्रे आणावी लागली आणि मंडळाच्या वरिष्ठ पदांवर बदल झाले.

त्यानंतर रस्त्यांकडेची गटारतोंडे साफ करताना एका प्रमुख रस्त्याच्या पाच चौकांतून मार्डी ग्रा उत्सवात उधळलेल्या माळांचे ९३ हजार पौंड मणी निघाले. म्हणजे दोष केवळ वीजगृहाचा नव्हता. पण गटारे काही आठवड्यांत साफ झाली. टर्बाइनचे तसे होत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये पाचव्या टर्बाइनजवळ स्फोट होऊन कामगार जखमी झाले.

स्वतःच्या विजेची दुसरी बाजू

जुनी वीज टाकून खासगी कंपनीची वीज घ्यावी, असा सरळ उपाय सुचतो. २९ ऑगस्ट २०२१ च्या आयडा चक्रीवादळाने त्यातील धोका दाखवला. शहराकडे येणाऱ्या आठही पारेषण वाहिन्या कोसळल्या आणि संपूर्ण शहर अंधारात बुडाले. अशा वेळी जलनिःसारणाचे पंप मंडळाच्या स्वतःच्या विजेवर चालू राहिले. बाहेरच्या विजेवर अवलंबून असलेली मैलापाण्याची बहुतेक केंद्रे मात्र बंद पडली आणि नागरिकांना पाणी जपून वापरायला सांगावे लागले. १८९० च्या दशकातील अभियंत्यांचा मूळ विचार, म्हणजे वादळात विजेसाठी दुसऱ्यावर विसंबू नये हा, अजूनही खरा होता. जुनी झाली होती ती यंत्रे. म्हणून २०२० च्या दशकात हाती घेतलेल्या योजनेत दोन्हींची सांगड घातली गेली. कंपनीची वीज घेण्यासाठी नवे उपकेंद्र, ६० हर्ट्झचे २५ हर्ट्झमध्ये रूपांतर करणारी फिरत्या भागांविना चालणारी नवी यंत्रे, आणि वादळासाठी राखीव स्वतःची जनित्रे, असे तिचे स्वरूप आहे.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पंचवीस सायकलची निवड ही चूक नव्हती. चूक पुढच्या पिढ्यांनी केली. तिच्या नूतनीकरणाचा खर्च त्यांनी एकमेकांवर ढकलला. दुसरी, यंत्रणेची विश्वासार्हता तिच्या सर्वांत मजबूत भागावरून ठरत नाही, सर्वांत दुर्बल भागावरून ठरते. शंभर वर्षे टिकणारा पंप सकाळी बंद पडलेल्या जनित्रापुढे हतबल असतो. तिसरी, यंत्रणेची खरी स्थिती नागरिकांना सांगणे हाही विश्वासार्हतेचाच भाग आहे. किती पंप बंद आहेत, हे ५ ऑगस्ट २०१७ पूर्वी माहीत असते, तर अनेकांनी निदान आपली वाहने आणि तळमजल्यावरील सामान हलवले असते.

कत्रिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईची रचना वेगळी आहे. तेथे ओहोटीला पाणी समुद्रात जाऊ शकते, अडचण भरतीच्या वेळी येते. भरतीच्या वेळी पाणी उपसणारी उदंचन केंद्रे १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात सुचवली होती. त्यांतील अनेक केंद्रे २००५ नंतरच उभी राहिली. ही केंद्रे आज नवी आहेत. न्यू ऑर्लिन्सचे वीजगृहही एकेकाळी नवेच होते. कोणत्याही शहराच्या अंदाजपत्रकात नव्या कामाची रक्कम ठळक असते. जुन्या यंत्राच्या देखभालीची आणि बदलाची रक्कम कोठे आहे, हे शोधण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास सार्थकी लागेल.