लिंक रॉड (मोटारवाहन)

लिंक रॉड हा स्वे बारचे (अँटी-रोल बार) टोक वाहनाच्या आसाला किंवा सस्पेन्शनच्या भुजेला जोडणारा आखूड दांडा आहे. स्वे बार ही पिळाची स्प्रिंग असून ती वळणावर वाहनाचे कलणे कमी करते.

सस्पेन्शन उंच केल्यावर सांगाडा आसापासून दूर जातो. लिंकची लांबी मात्र तीच राहते. त्यामुळे बारच्या भुजा खाली झुकतात. खडकाळ वाटेवर चाक पूर्ण लोंबकळले, की भुजा व लिंक जवळजवळ एका रेषेत येतात आणि चाक वर येताना सांधा उलटा वळून अडकू शकतो. वळणावर लिंक तुटल्यास वाहन अचानक अधिक कलते. उंच केलेल्या वाहनाचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असल्याने हे विशेष धोक्याचे ठरते.

अखंड आसाच्या वाहनाची उंची 50 मिमी वाढवल्यास लिंकही साधारण तेवढीच लांब लागते. माप सपाट जागी, भार चाकांवर असताना घेतात. जॅकवर घेतलेले माप निरुपयोगी असते. भुजा जवळपास आडव्या, लिंक त्यांना काटकोनात आणि दोन्ही लिंक सारख्या लांबीच्या ठेवतात. रबरी बुशाचे बोल्टही याच स्थितीत आवळतात, अन्यथा बुश कायम पिळलेला राहतो. ब्रेकची नळी कोठे घासत नाही, हे शेवटी तपासतात.

पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे 2021 पासून जुळणी होणाऱ्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सोडवता येतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असे बदल करण्यास मनाई आहे.