यवतमाळच्या रस्त्यांसाठी कारचे टायर कसे निवडाल? पकड, आराम आणि किंमत

टायर बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला: एमआरएफ घेऊ, अपोलो की सिएट? पण एकाच कंपनीची दोन मॉडेल्स रस्त्यावर अगदी वेगळी वागतात. म्हणून आधी आपला रस्ता बघा, मग मॉडेल आणि शेवटी ब्रँड.

तिन्ही गोष्टी एकत्र का मिळत नाहीत?

साधारणपणे मऊ रबराची पकड चांगली, पण ते लवकर झिजतं. कडक रबर जास्त किलोमीटर चालतं, पण ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आराम बराचसा साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर असतो. ती उंच आणि लवचिक असेल तर खड्डे कमी जाणवतात, मात्र वळणावर गाडी थोडी डोलते.

कोणासाठी काय?

- हायवे जास्त: वर्ध्यामार्गे नागपूर (राष्ट्रीय महामार्ग ३६१) किंवा पांढरकवड्यावरून जाणारा ४४ नियमित असेल, तर पकडीला प्राधान्य द्या. सिएट सेक्युराड्राइव्ह, गुडइयर अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २ ही या गटातली नावं.
- गावातल्या गावात: अपोलो अमेझर ४जी लाइफ, सिएट मायलेझ एक्स३ यांचा भर जास्त किलोमीटर देण्यावर आहे.
- शेतरस्ता: काळ्या मातीच्या चिखलाने टायरच्या खाचा भरल्या की कुठलाही साधा कार टायर घसरतोच. पऱ्हाटीचे खुंट साइडवॉलमध्ये घुसले तर पंक्चर काढून भागत नाही, टायर बदलावा लागतो.

स्वस्त म्हणजे नेमकं काय?

किंमत भागिले किलोमीटर, हा सोपा हिशोब. समजा ४,००० रुपयांचा टायर ३५,००० किमी चालला, तर खर्च किलोमीटरला सुमारे ११.४ पैसे. ५,००० चा टायर ५०,००० किमी चालला, तर १० पैसे. म्हणजे महागडा टायरच स्वस्त पडला.

उन्हाळा आणि हवा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी कमी हवेचा टायर जास्त दबतो, आतून तापतो आणि वेगात फुटू शकतो. ब्रँड कितीही भारी असला तरी हे टळत नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हवेचा दाब साधारण १ ते २ पीएसआयने वाढतो, म्हणून गरम टायरमधली हवा काढू नका.

दुकानात हे बघाच

- तारीख: साइडवॉलवर शेवटी चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. जुना माल सूट देऊन गळ्यात मारला जातोय का, ते इथेच कळतं.
- साइज: १८५/६५ आर१५ ८८एच म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच, एका टायरवर भार ५६० किलोपर्यंत, वेग ताशी २१० किमीपर्यंत. शेवटचा आकडा-अक्षर कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी घेऊ नका.
- दोनच टायर बदलताय? नवे मागे लावा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं कठीण जातं.

खाचांची खोली १.६ मिमीवर आली की कायद्यानेही टायर बाद. पण पावसाळ्याआधी ३ मिमीच्या आसपास असेल, तर तेव्हाच बदललेला बरा.