यादी बाहेर कशी काढणार?

जून उजाडला की आमच्या दिवाळी अंकाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो : यंदा कामांची यादी कशावर ठेवायची? लेखकांचे होकार, चित्रकाराकडे गेलेल्या कथा, जाहिरातींची वसुली, दुसरं प्रूफ, छापखान्यात कुठला फर्मा कधी सोडायचा, अशी बारीकसारीक कामं पाच-सहा जणांत वाटलेली असतात. तरुण सहकारी आपापल्या फोनवरची अ‍ॅप्स दाखवतात. रंग छान असतात, आठवण वेळेवर येते, मराठीत टाइपही करता येतं. मी दरवेळी एवढंच विचारते, यातली यादी बाहेर कशी काढायची? या साधनांचा इतिहास वाचल्यापासून मला हाच प्रश्न पहिला वाटतो.

कागदाच्या काळातलीच एक हकीकत घ्या. लंडनची नॉर्मन अँड हिल ही कंपनी 1921 पासून कड्यांत अडकवलेल्या सुट्या पानांची वही विकत असे. या वहीला फायलोफॅक्स हे नाव सुचवलं ते कंपनीतच नोकरीला असलेल्या ग्रेस स्कर यांनी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून कंपनीची कचेरी उद्ध्वस्त झाली, दफ्तर गेलं. पण गिऱ्हाइकांचे आणि माल पुरवणाऱ्यांचे नावपत्ते स्करबाईंनी स्वतःच्या फायलोफॅक्समध्ये उतरवून ठेवले होते आणि ती वही त्या रोज घरी नेत. तिच्या आधारावर धंदा पुन्हा उभा राहिला.

संगणकावर यादी आली तेव्हा सगळ्यात हुशार साधन होतं लोटस कंपनीचं अजेंडा. मिच केपॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं हे सॉफ्टवेअर 1988 मध्ये बाजारात आलं. रकाने भरत बसायची गरज नव्हती. ‘पुढच्या मंगळवारी अमक्याला फोन’ असं साध्या वाक्यात लिहायचं. मंगळवारची तारीख ते स्वतः काढी आणि ते एकच काम माणसाच्या नावाखाली, फोनखाली आणि तारखेखाली, अशा तिन्ही ठिकाणी दाखवी. मला हे आजही थोर वाटतं. आमच्याकडची एकेक कथा एकाच वेळी लेखकाच्या, चित्रकाराच्या आणि प्रूफाच्या खात्यात असते. तिला एकाच कप्प्यात कोंबलं की ती हरवलीच. पण अजेंडा डॉसवर चाले. विंडोजचा जमाना आला आणि लोटसने ते पुढे नेलंच नाही. वापरणारे हळहळले. केपॉर यांनी पुढे त्याच धर्तीवर चँडलर नावाचा मुक्त प्रकल्प काढला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती 2008 मध्ये आली, पण त्याने मूळ धरलं नाही.

दरम्यान 1996 मध्ये पाम पायलट आला होता. जेफ हॉकिन्स यांनी तो बनवण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा महिनोन्‌महिने खिशात बाळगला होता. कोणी भेटीची वेळ विचारली की ते ठोकळा काढून त्यावर लिहिल्यासारखं करत. खिशात काय मावतं आणि बोलता बोलता काय टिपता येतं, याचा अंदाज त्यांना असा आला. यंत्राच्या तळाशी चार बटणं होती आणि त्यांतलं एक निव्वळ कामांच्या यादीसाठी. ते दाबलं की यादी समोर. डावीकडे चौकोन, शेजारी महत्त्व दाखवणारा 1 ते 5 मधला आकडा, मग काम. काडीने चौकोनाला टेकवलं की बरोबरची खूण. पेन्सिल सेल पार उतरले तर आतलं सगळं पुसलं जाई. म्हणूनच तो संगणकाला जोडणारी त्याची बैठक (क्रेडल) मला यंत्राइतकीच मोलाची वाटते. बैठकीत ठेवून एक बटण दाबलं की संपूर्ण मजकुराची नक्कल घरच्या संगणकावर उतरे. स्करबाईंनी हाताने केलेलं काम इथे एका बटणावर होत होतं.

पुढे यादी इंटरनेटवर गेली आणि दूरच्या, परक्या संगणकात राहू लागली. बर्लिनमध्ये 2010 मध्ये सुरू झालेलं वंडरलिस्ट लोकांचं फार लाडकं होतं. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते घेतलं तेव्हा एक कोटी तीस लाखांहून अधिक लोक ते वापरत होते. दोन वर्षांनी कंपनीने स्वतःचं टू डू आणलं आणि वंडरलिस्ट कालांतराने बंद होईल असं सांगितलं. नव्या साधनात सुरुवातीला यादी चौघांत मिळून वापरायची सोयच नव्हती. आमच्यासारख्यांचं अडतं ते नेमकं तिथेच. संस्थापक ख्रिस्तियान रेबर यांनी 2019 मध्ये आपलं अ‍ॅप परत विकत मागितलं, जाहीरपणे. 6 मे 2020 ला ते बंद झालं. मायक्रोसॉफ्टने जुन्या याद्या टू डूमध्ये आणायची वाट ठेवली होती, हे चांगलंच केलं. पण वापरणाऱ्यांची दारं कधी बंद करायची हे ठरवणारा तिसराच कोणी होता.

याच्या अगदी उलट टोकाला जीना ट्रपानी यांचं 2006 मधलं टूडू डॉट टीएक्सटी. त्यात साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक काम. ओळीच्या सुरुवातीला कंसात अक्षर म्हणजे निकड, अधिकच्या चिन्हापुढे प्रकल्पाचं नाव, काम झालं की ओळीच्या आरंभी फुलीचं अक्षर. ती वाचायला कुठलंच खास अ‍ॅप लागत नाही.

सहकाऱ्यांनी फाइलच वापरावी असा माझा हट्ट नाही. रात्री दहाला छापखान्यातून निरोप आला की फोनवर आठवण वाजायला हवी, ती फाइल वाजवत नाही. म्हणून यंदा असं ठरलंय : जे अ‍ॅप पसंत पडेल त्यात आधी गेल्या अंकाची यादी भरायची, मग ती सगळी बाहेर काढून साध्या फाइलमध्ये उघडायची. तारखा, नावं आणि झालेल्या कामांच्या खुणा जशाच्या तशा आल्या तरच ते घ्यायचं, आणि दर शनिवारी एक प्रत काढायची. पहिल्या दोन अ‍ॅप्सची पाहणी झाली आहे. एकातून कामं आली, पण कोणाकडे कुठलं काम ते आलं नाही. ते आम्ही बाजूला ठेवलं.