हत्यार आणि हत्यारे : १९६२ ची शस्त्रसज्जता व अंबरनाथ परिसर

मराठीत 'हत्यार' हा शब्द सैनिकाच्या तलवारीला जसा लागतो तसाच सुताराच्या पटाशीलाही लागतो. 'शस्त्र' आणि 'आयुध' हे शब्द युद्धाच्या क्षेत्रापुरते मर्यादित आहेत, 'अवजार' हा शब्द कामधंद्यापुरता मर्यादित आहे. 'हत्यार' मात्र या दोन्ही क्षेत्रांत सारख्याच सहजतेने वावरतो. खंडेनवमीच्या दिवशी क्षत्रियाच्या घरी तलवार आणि कारागिराच्या घरी करवत, रंधा, हातोडा यांची पूजा होते ती एकाच भावनेने. ज्या समाजाने हा शब्द घडविला त्याच्या दृष्टीने मारण्याचे साधन आणि घडविण्याचे साधन यांत फार मोठे अंतर नव्हते. १९६२ साली भारतावर जो प्रसंग ओढवला, आणि त्यानंतर देशाने जी शस्त्रसज्जता घाईने हाती घेतली, तिचा विचार करताना या जुन्या शब्दातील अर्थ पुन्हा ध्यानात घ्यावा लागतो. पहिल्या अर्थाचे हत्यार घाईने हवे असेल तर दुसऱ्या अर्थाची हत्यारे आधीपासून हाताशी असावी लागतात, हे त्या काळाच्या इतिहासावरून दिसून येते. उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन गावे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत.

१

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ही गावे ओळीने वसली आहेत. त्यांतील अंबरनाथ इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे. वालधुनीच्या काठच्या या मंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. आधुनिक उद्योगही येथे लवकर आले. गंधकाम्लासारखी रसायने आणि आगपेट्या यांचे कारखाने या गावात पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांतच उभे राहिले. मुंबईची जवळीक, लोहमार्ग आणि पाणी ही त्याची उघड कारणे होत.

शेजारच्या उल्हासनगरची कथा निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांची एक विस्तीर्ण छावणी उभारण्यात आली. युद्ध संपले आणि दोनच वर्षांत देशाची फाळणी झाली. सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना सरकारने या रिकाम्या बराकींत आसरा दिला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तरीही तेथील विभागांची 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर दोन' ही लष्करी धाटणीची नावे लोकांच्या तोंडून गेली नाहीत. एका पिढीने युद्धासाठी बांधलेली भिंत दुसऱ्या पिढीच्या चुलीला आडोसा झाली. नव्या राष्ट्रापुढील पहिली कर्तव्ये कोणती होती, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. त्या दशकात संरक्षणावर कमी खर्च झाला असे म्हणताना निर्वासितांचे पुनर्वसन, अन्नधान्य, धरणे व शाळा यांची निकड विसरून चालणार नाही.

२

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत भारताने शांततेचे धोरण निष्ठेने चालविले. २९ एप्रिल १९५४ रोजी चीनशी झालेल्या तिबेटविषयक करारात पंचशीलाची तत्त्वे नमूद झाली. उत्तर सीमेवरून मोठे आक्रमण होईल, ही शक्यता राज्यकर्त्यांनी मनोमन बाजूला ठेवलेली होती. १९६१-६२ साली संरक्षणाचा एकूण खर्च सुमारे ३१२ कोटी रुपये होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने तो दोन टक्क्यांच्या आसपास भरतो.

तथापि या काळात शस्त्रोत्पादनाकडे केवळ दुर्लक्षच झाले, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. १९५३ साली अंबरनाथ येथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. या नावातील प्रत्येक शब्द विचार करण्यासारखा आहे. 'मशीन टूल' म्हणजे यंत्र घडविणारे यंत्र, आणि 'प्रोटोटाइप' म्हणजे आद्यनमुना. तोफ किंवा बंदूक तयार करणे हा या कारखान्याचा मूळ हेतू नव्हता. ज्या यंत्रांवर त्या तयार होतील ती यंत्रे आणि त्यांचे पहिले नमुने घडविणे हा होता. याच गावातील आयुध निर्माणीत पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांसारख्या लोहेतर धातूंच्या पट्ट्या व काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळी वाट्या तयार होत. लोकांच्या बोलण्यात हा सगळा पसारा 'ऑर्डनन्स' या एकाच शब्दात मावतो.

१९५७ साली संरक्षणमंत्री झालेले व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कारकिर्दीत देशी उत्पादनाला अधिक चालना मिळाली. जबलपूर येथे १९५९ पासून 'शक्तिमान' मालमोटारी जोडल्या जाऊ लागल्या. आयुध कारखान्यांची शिल्लक क्षमता नागरी उपयोगाच्या वस्तूंसाठी वापरली जाई, आणि कॉफीची यंत्रे बनविणारे शस्त्रकारखाने म्हणून विरोधकांनी त्याची थट्टाही केली. थट्टेचा भाग सोडला तरी एक विसंगती उरतेच. देशाजवळ कारागीर होते आणि लेथही होते. परंतु त्यांना कोणते हत्यार, कोणत्या शत्रूसाठी व किती मुदतीत हवे, हे ठरवून सांगणारे कोणी नव्हते. उणीव कारखान्यात कमी होती. निर्णयात अधिक होती.

३

२० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीच्या खोऱ्यात आणि लडाखमध्ये चिनी सैन्याने एकाच वेळी हल्ला चढविला. नामका चू येथील सातव्या ब्रिगेडचे पुष्कळसे जवान सपाटीवरून थेट चौदा हजार फुटांच्या आसपासच्या मुलखात नेलेले होते. अनेकांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायांत कॅनव्हासचे बूट होते. त्यांच्या हाती .३०३ व्यासाची, दर गोळीमागे खटका ओढावी लागणारी जुनी रायफल होती. विमानातून टाकलेल्या सामानाचा मोठा भाग दऱ्यांत पडून वाया गेला. २६ ऑक्टोबर रोजी राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. संरक्षण मंत्रालयाने पुढे दिलेल्या आकड्यांनुसार १,३८३ सैनिक मृत्यू पावले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैद झाले.

या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. तिचे सार संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत सांगितले. सामग्रीची सर्वसाधारण टंचाई त्यांनी मान्य केली. परंतु त्याच निवेदनात त्यांनी दुसरी एक गोष्टही मांडली. अनेक वस्तू देशात कोठे ना कोठे होत्या. त्या सपाटीच्या शेवटच्या ठाण्यापर्यंत पोहोचत, पण तेथून पुढे विमानाने, जनावरांच्या वा माणसांच्या पाठीवरून त्या वेळेवर आघाडीला नेणे हीच खरी अडचण होती. शस्त्रसज्जता म्हणजे केवळ शस्त्रांची संख्या नव्हे, हे या निवेदनातून स्पष्ट होते.

४

चव्हाण संरक्षणमंत्री झाले ते युद्धबंदीच्याच दिवसांत. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून महाराष्ट्रात म्हणीसारखे रूढ झाले. त्याआधी चारच महिने, १ ऑगस्ट १९६२ रोजी, मुख्यमंत्री या नात्याने त्यांच्या अध्यक्षतेखाली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ झाला होता. बदलापूरजवळच्या बारवी नदीचे पाणी अंबरनाथ, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यातील कारखान्यांना पुरविणे हे या महामंडळाच्या आरंभीच्या कार्यांपैकी एक होय. उद्योगासाठी जमीन, पाणी व रस्ता आधी द्यावा आणि मग कारखानदाराला बोलवावे, ही त्यामागील दृष्टी होती. हीच दृष्टी संरक्षणाच्या क्षेत्रात देशाने पंधरा वर्षे आधी स्वीकारली असती तर १९६२ चा हिवाळा कदाचित निराळा गेला असता.

आता मात्र सर्वच घाईने करावे लागले. नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग निघाला. १९६३-६४ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपये धरण्यात आले. सप्टेंबर १९६४ मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना जाहीर झाली. तीत सव्वाआठ लाखांचे भूदल, ४५ तुकड्यांचे विमानदल आणि नवे आयुध कारखाने यांचा समावेश होता. महाराष्ट्रात भंडारा, वरणगाव, चंद्रपूरजवळील भद्रावती व नागपूरजवळील अंबाझरी येथे या काळात नव्या निर्माणी उभ्या राहिल्या, आणि नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून मिग विमानांच्या बांधणीचा उद्योग आला.

५

घाईने काय साधते आणि काय साधत नाही, हे समजण्यासाठी एका काडतुसाचे उदाहरण पुरेसे आहे. काडतुसाची पितळी नळी एका जाड वाटीपासून तयार होते. सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त यांच्या पितळाची पट्टी लाटून तीतून वाटी कापली जाते. साच्यातून ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. प्रत्येक ओढणीत धातू कडक होतो, म्हणून मधून मधून तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. तापमान थोडे चुकले तर नळी गोळीबाराच्या वेळी फाटते किंवा बंदुकीत अडकते. अशा वाट्या अंबरनाथला होत आणि काडतुसे अन्यत्र भरली जात.

जुन्या रायफलीच्या जागी ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरणी रायफल आणण्याचे ठरले आणि १९६३ पासून ईशापूर येथे तिचे उत्पादन सुरू झाले. रायफल बदलली म्हणजे काडतूस बदलले. काडतूस बदलले म्हणजे वाटी, साचे, मापे आणि तपासणीची पद्धत, सर्वच बदलले. नुसत्या पाळ्या वाढवून हा बदल होणारा नव्हता. त्यासाठी साचा घासणारा, हजारांश इंचाचा फरक हाताला जाणवणारा कारागीर हवा होता, आणि असा माणूस काही महिन्यांत तयार होत नाही. १९५३ पासून अंबरनाथला जी यंत्रविद्या रुजत होती तिचे मोल या वेळी कळले. त्याच वेळी तिची मर्यादाही उघडी पडली. १९६२ साली देशात जस्त गाळण्याचा एकही कारखाना नव्हता, आणि तांब्याचेही देशी उत्पादन अपुरे होते. म्हणजे देशी काडतुसासाठीही परकीय चलन खर्चावे लागे.

परदेशांचा अनुभवही असाच आहे. ब्रिटनने १९३६ च्या सुमारास मोटारउद्योगाच्या आश्रयाने विमानांचे पर्यायी कारखाने उभारण्यास आरंभ केला. त्याची फळे १९४० मध्ये दिसली, ती मधली चार वर्षे हाताशी होती म्हणून.

६

घाईची किंमत कोणी दिली, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि हजारो सोनारांची रोजी बुडाली. त्याच वर्षी सक्तीच्या बचतीची योजना आली, आणि महाविद्यालयांतून राष्ट्रीय छात्रसेना अनिवार्य झाली. येथे एक गोष्ट लक्षात येते. देशाला हत्यार हवे होते, आणि त्याच घाईत पिढ्यान्पिढ्या बारीक हत्यारांवर हात बसलेला एक कारागीरवर्ग आपल्या हत्यारांसह रिकामा बसला. त्याचे कौशल्य अन्यत्र वळविण्याची योजना हुकुमाच्या आधी आखली गेली नव्हती.

युद्धकाळातील आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेवर संरक्षणखर्चाचा ताण पडला. त्यात १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध आणि अवर्षण यांची भर पडून १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन करावे लागले आणि चौथी योजना तीन वर्षे लांबली.

या विवेचनावरून शांततेचे धोरणच चुकले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो बरोबर नाही. छावणीची वसाहत करणे ही चूक नव्हती. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांच्यापुढे उघड्यावर पडलेली कुटुंबे होती. चूक झाली ती शांततेच्या वर्षांत काय घडवून ठेवायचे याचा हिशेब न ठेवण्यात. पैसा एका अर्थसंकल्पात दुप्पट करता येतो, सैन्यभरती काही महिन्यांत वाढविता येते. पण धातूचा पुरवठा, यंत्रे घडविणारी यंत्रे आणि कारागिराचा हात यांना वर्षेच द्यावी लागतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्या व्यवस्थेत अंबरनाथची आयुध निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे, तर मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. व्यवस्था कोणतीही असो, तिची कसोटी युद्धाच्या वर्षी लागते, आणि त्या कसोटीची तयारी मात्र ज्या वर्षी युद्धाचे नाव कोणी काढीत नाही त्या वर्षी व्हावी लागते. खंडेनवमीला तलवार आणि पटाशी एकाच पाटावर मांडणाऱ्या कारागिराला हे ठाऊक होते. राज्यकर्त्यांना ते १९६२ मध्ये, फार मोठी किंमत देऊन, शिकावे लागले.