कोलन वॉटरची पट्टी आणि रबिंग अल्कोहोलची बाटली

गेल्या हिवाळ्यात मंडळातल्या एका घरून रात्री फोन आला. बाळाला ताप, देशातून आलेल्या आजी, आणि त्यांच्या हातात बाथरूमच्या कपाटातली रबिंग अल्कोहोलची बाटली. "कोलन वॉटर मिळत नाही, तर यानेच अंग पुसून काढू का?" केमिस्ट्रीतली डॉक्टरेट म्हणजे दवाखान्यातली डॉक्टरकी नव्हे, हे सांगून मी थकलो आहे! पण त्या रात्री "मुळीच नको" एवढे ठामपणे सांगता आले.

आजींचे फार चुकले असे नाही. आपल्याकडे तापात कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवत, आणि इथल्या अमेरिकन घरांतही तापलेल्या मुलाचे अंग अल्कोहोलने पुसत असत. अल्कोहोल भराभर उडते, उडताना कातडीची उष्णता घेऊन जाते.

बाटलीतला माल मात्र मध्यंतरी बदलला. पूर्वी चोळायचे अल्कोहोल म्हणजे, कुणी पिऊ नये म्हणून त्यात काहीबाही मिसळलेले एथिल अल्कोहोल. १९२० साली, म्हणजे नेमकी दारूबंदी लागू झाली त्याच वर्षी, न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने तेलशुद्धीकरणात निघणाऱ्या प्रोपिलीन वायूपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल करायला घेतले. ते स्वस्त पडले आणि पुढे घरोघरच्या कपाटात जाऊन बसले. अंग पुसण्याची रीत तशीच राहिली.

१९५३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये अशा पुसण्यातून विषबाधा झाल्याची नोंद छापून आली. १९६९ साली 'पेडियाट्रिक्स'मध्ये बेशुद्धीपर्यंत मजल गेल्याची. बंद खोलीत वाफ श्वासावाटे आत जाते, थोडे कातडीतूनही मुरते. यकृतात त्याचे ॲसिटोन होते, म्हणजे नेलपॉलिश काढायचे तेच द्रव्य. बाळाचे वजन कमी आणि त्या मानाने कातडी जास्त, म्हणून त्याला धोका अधिक. शिवाय अंग एकदम गार पडले की हुडहुडी भरते, आणि हुडहुडीने आतली उष्णता वाढते.

इंजेक्शनआधी दंडावर फिरवलेल्या बोळ्याला घाबरू नये. तो थेंबाचा मामला. मात्र उघड्या जखमेवर ओतू नये, आणि देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा पेटत्या शेगडीपाशी बाटली उघडू नये.

आजींनी बाटली परत ठेवली आणि सुनेने बाळाच्या डॉक्टरांना फोन लावला. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर तो फोन लगेच करायचा, सकाळची वाट पाहायची नाही.