महिला फुटबॉल लीग आणि तिचे प्रेक्षक

इंडियन विमेन्स लीग ही महिला क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा 2016-17 मध्ये सुरू झाली. पुढे कोल्हापूर सिटी हा संघही तीत खेळला. कोल्हापुरात तालमींच्या सामन्यांना पेठच्या पेठ शाहू स्टेडियमवर लोटते. महिला लीगची अंतिम फेरी मात्र कधी शिलाँग, कधी लुधियाना, कधी भुवनेश्वर अशी एकाच गावी उरकली जाई. घरचे मैदानच नाही, तर घरचा प्रेक्षक कुठून येणार? 2023-24 पासून सामने संघांच्या आपापल्या मैदानांवर होऊ लागले. आमच्या मते खरा बदल हाच.

अनिश्चिततेचा कळस ऑगस्ट 2022 मध्ये झाला. विजेता गोकुलम केरळ संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला आणि इकडे फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. क्लबने पंतप्रधानांना साकडे घातले. 26 ऑगस्टला निलंबन उठले, पण तोवर उशीर झाला होता. काही दोष नसताना मुली न खेळताच परतल्या.

तरी 5 जुलै 2025 रोजी भारताने थायलंडला 2-1 असे हरवून आशियाई चषक गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. सोनागिरीपासून ही मैदाने दूर. पण लीगचे सामने यूट्यूबवर दाखवले गेले आहेत. सभासदांनी ते लेकी-नातींसह जरूर पाहावेत.