पानथरी, विळा आणि न मोजलेली बाळे

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके आहेत. तेथे, किंवा विदर्भात कोठेही, सहा-आठ महिन्यांचे बाळ एकाएकी दगावले तर लोक काय म्हणतात? सकाळी खेळत होते, दुपारी मलूल झाले, रात्री गेले. कोणी म्हणते नजर लागली. कोणी आईच्या दुधाला दोष देते. बाळ गेले कशाने, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. अशा मृत्यूंची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक कारण आई-वडिलांकडून नकळत येते. ते कसे उलगडले, हे आपण पाहू.

1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विचित्र पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हा विद्यार्थी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आला होता. त्याच्या रक्तातील काही तांबड्या पेशी गोल नव्हत्या, विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. म्हणून या आजाराला सिकलसेल हे नाव पडले. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचा हिशेब मांडला: जनुकाची एकच सदोष प्रत मिळाली तर माणूस केवळ वाहक असतो, दोन्ही मिळाल्या तर आजारी. पुढे 1956-57 मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांना नेमकी चूक सापडली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. एवढ्याशा बदलाने पेशी वाकते.

भारतात हे जनुक 1952 साली लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळले. 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातही ते असल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये कळवले. हे जनुक येथे टिकले कसे? 1954 साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून याचे उत्तर दिले होते. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशात म्हणूनच हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

जनुक समजले, पण लहान बाळे अचानक का दगावतात हे त्यातून आपोआप कळत नव्हते. याचे एक साधे कारण आहे. गावात जाऊन रक्त तपासणारा माणूस जिवंत असणाऱ्यांनाच भेटतो. जे बाळपणीच गेले ते त्याच्या वहीत येतच नाहीत. मग आजार आहे त्यापेक्षा सौम्य वाटू लागतो. मोजणी जन्मापासूनच करायला हवी होती.

ती जमैकात झाली. 1973 पासून किंग्स्टनच्या एका प्रसूतिगृहात जन्मणाऱ्या एक लाख बाळांचे रक्त तपासण्यात आले आणि आजार असलेल्या बाळांवर ग्रॅहम सर्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे पहिले काही महिने ते सुरक्षित राहते. ते कमी होऊ लागले की धोका सुरू होतो. वाकलेल्या पेशी प्लीहेत, म्हणजे आपल्या बोलीतल्या पानथरीत, अडकतात. कधी कधी काही तासांतच अंगातले बरेचसे रक्त पानथरीत साठते. बाळ पांढरेफटक पडते आणि वेळेवर रक्त मिळाले नाही तर दगावते. दुसरे असे की, निकामी होत चाललेली पानथरी जंतूंना अडवू शकत नाही. साध्या तापाने सुरू झालेला संसर्ग एका दिवसात जीव घेऊ शकतो.

उपायही सोपे निघाले. जमैकात आयांना बाळाच्या डाव्या बरगडीखाली बोटांनी पानथरी चाचपायला शिकवले. ती वाढलेली लागली की दवाखाना गाठायचा. अशा झटक्यांतून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे दहा पटींनी घटले. 1986 साली अमेरिकेतील एका प्रयोगाने सिद्ध केले की रोज तोंडाने पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकस जंतूंचा गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी होतो. नागपुरातही पुढे नवजात बाळांची तपासणी झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही बाळांना लहान वयातच तीव्र त्रास झाल्याचे दिसले. भारतातला सिकलसेल सौम्यच असतो, हा समज पुरता खरा नव्हता.

जनुकांचा शोध आणखी एक काम करतो: तो आईवरचा आळ दूर करतो. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोलबिग यांना 2003 साली स्वतःच्या चार मुलांच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवले गेले. पुढे त्यांच्या दोन मुलींमध्ये हृदयाची लय बिघडवू शकणारा जनुकीय बदल आढळला. 2023 साली त्यांची सुटका झाली आणि शिक्षा रद्द झाली. तोवर त्यांची वीस वर्षे तुरुंगात गेली होती.

मित्रहो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. दोन डब्यांत एकाच आकाराचे पांढरे आणि लाल मणी समसमान घ्या. एक डबा आईचा, दुसरा वडिलांचा, दोघेही वाहक. लाल मणी म्हणजे सदोष प्रत. न बघता प्रत्येकातून एक मणी काढा, नोंद करा आणि तो परत टाका. शंभर वेळा केल्यास दोन्ही लाल सुमारे पंचवीस वेळा येतील. मग विचारा: एक बाळ आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित आहेत का? डब्याला मागचे काही आठवत नसते. दर वेळी शक्यता तीच, चारांत एक.

1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती अशी तपासणीची कार्डे येतील. वाहक असणे हा आजार नव्हे, कलंक तर मुळीच नव्हे, हे त्यांना वर्गातच कळले पाहिजे. आणि आजारी बाळाच्या आईला तिचा दोष नाही हे सांगताना, पानथरी कोठे चाचपायची हेही सांगायला आपण विसरता कामा नये.